लंबी बुआचं तोंड

मी टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये काम करत होते असं सांगितलं की माणसं खूश होतात. मग विचारतात, "त्या पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या चित्रांतली तुमची कोणती?" मी म्हणते, "एकही नाही. मी काढलेलं चित्र कधी जागचं हललं नाही आणि टीव्हीवर दिसलंही नाही." एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. लग्नकार्यात तर लोक विषयच बदलतात.

माझं काम मॉडेल शीट काढण्याचं. कार्टूनमध्ये एकच पात्र पंधरा-वीस जण मिळून काढत असतात. कोणी त्याचं चालणं काढतो, कोणी पडणं, कोणी नुसतं बसून जेवणं. प्रत्येकाचा हात वेगळा. मग ते पात्र सगळ्यांच्या हातून सारखंच उतरावं म्हणून आधी एक जण त्याचा नमुना काढून ठेवतो: समोरून, बाजूनं, पाठीमागून, हसताना, रागावल्यावर. डोळ्यांमध्ये अंतर किती, कान कुठून सुरू होतो, शेजारच्या पात्राच्या खांद्याला लागतं की कमरेला. तो नमुना प्रत्येकाच्या टेबलासमोर लागतो. तो एक जण म्हणजे मी. मल्हारगंजात एका मसाल्याच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता. मिरची कुटायला लागले की वर आम्ही सगळे शिंकत शिंकत काढायचो.

एकदा मी भाचीच्या लग्नाला गेले होते. तेवढ्यात कोणीतरी नमुना न बघता काम केलं आणि दोन भागांत आमच्या उंटिणीची मान आखूड झाली. चॅनेलकडे एका आईचा फोन आला. तिची मुलगी जेवत नव्हती. विचारत होती, बुआला बरं नाही का.

ही उंटीण म्हणजे लंबी बुआ, सगळ्या बाजाराची आत्या. कार्टून हिंदीत होतं. एका छोट्या गावातला बाजार, त्यात सगळे प्राणी, आणि बाजाराच्या तोंडाशी लंबी बुआची पोह्यांची गाडी. ती सगळ्यांना रागावणार आणि सगळ्यांना खाऊ घालणार. तिला आवाज दिला मंगलाताईंनी. हे जे सांगायला बसले आहे ते त्यांच्याबद्दल आहे.

मंगलाताई छत्रीबागेत राहायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, गणेशोत्सवातल्या नाटकांत हौसेनं काम केलेल्या. त्यांचे यजमान, अण्णा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. ते त्यांना स्कूटरवर सोडायला यायचे आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत खाली मसालेवाल्याशी गप्पा मारत बसायचे. पहिल्या दिवशी आमच्या डायरेक्टरनी, तिवारीजींनी, जरा संकोचतच सांगितलं, "ताई, रोल ज़रा... ऊँटनी का है."

"चालेल की," मंगलाताई म्हणाल्या. "सासूबाई मला तेच म्हणायच्या. आज कोणीतरी कामावर ठेवतंय, बस."

कार्टूनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर, हे पुष्कळांना माहीत नसतं. आधी संवाद रेकॉर्ड होतात, मग त्याबरहुकूम पात्राचे ओठ हलवायचे. त्यासाठी प्रत्येक पात्राच्या तोंडाचा एक तक्ता लागतो. 'आ' म्हणताना तोंड कसं, 'ओ' म्हणताना कसं, 'प' आणि 'म'ला ओठ कसे मिटतात, 'व'ला दात कुठे टेकतात. आमच्याकडे जे तयार तक्ते होते ते इंग्रजी उच्चारांचे. त्यात 'ठ' नाही, 'ढ' नाही. आणि मंगलाताईंची बुआ तर हिंदीत माळवी मिसळून बोलायची, तिला 'ळ' पण लागायचा. म्हणून मी ठरवलं की बुआचा तक्ता मंगलाताईंच्याच तोंडावरून काढायचा.

रेकॉर्डिंगच्या खोलीला काच होती. त्या आत उभ्या राहून बोलायच्या, मी बाहेर स्टुलावर बसून पेन्सिलीनं त्यांचे ओठ काढायची. आधी माणसाचे, मग तेच उंटिणीला बसवायचे. एखाद्याचं नुसतं तोंड इतकं बघितलं की त्या माणसाबद्दल भलत्याच गोष्टी कळायला लागतात. त्या 'म'वर ओठ मिटून घेत आणि सोडायला किंचित वेळ लावत. त्यामुळे त्यांच्या तोंडचं 'मुन्ना' ऐकलं की वाटायचं, आधी पोटाशी धरलं आणि मग हाक मारली. हसू नेहमी उजव्या कोपऱ्यातून सुरू व्हायचं. डावी बाजू मागून यायची.

"काय बघतेस गं एवढं?" त्या काचेतून ओरडायच्या. "इतकं तर अण्णांनी पण नाही बघितलं कधी!"

तक्ता झाला तेव्हा मी त्यांना दाखवला. एका बाजूला त्यांचे ओठ, दुसऱ्या बाजूला उंटिणीचे, तो लोंबणारा खालचा ओठ. त्या इतक्या हसल्या की आत ठेवलेला पाण्याचा ग्लास सांडला. बुआचं एक मोठं रंगीत चित्र मी त्यांना फ्रेम करून दिलं. ते त्यांनी बैठकीत टीव्हीच्या वर लावलं.

बरीच वर्षं असं छान चाललं. पोरं त्यांना बाजारात आवाजावरून ओळखायची. भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागल्या की मागून कोणीतरी लहान मूल म्हणायचं, "मम्मी, लंबी बुआ!"

मग एका सकाळी अण्णांचा फोन आला. "सुनंदाताई, आज मंगला नाही येणार," म्हणाले. मी विचारलं, काय हो, तब्येत बरी नाही का? तर म्हणाले, "अर्धांग. बोलता येत नाहीये तिला." आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला.

उजवी बाजू गेली होती. हात, पाय, आणि चेहऱ्याचा उजवा भाग. त्यांना समजत सगळं होतं, ओळखत सगळ्यांना होत्या. पण शब्द तोंडात यायचा आणि तिथेच त्याचा लगदा व्हायचा. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी थोडा वेळ बसले, अण्णांशी बोलले आणि निघाले. खाली उतरल्यावर मला गाडीची किल्ली सापडेना. ती हातातच होती.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांना बैठकीत खुर्चीवर बसवलं होतं. समोर टीव्ही, टीव्हीच्या वर बुआ. त्यांनी डावा हात उचलला आणि बोट दाखवलं, आधी चित्रातल्या उंटिणीच्या लोंबणाऱ्या ओठाकडे आणि मग स्वतःच्या ओठाकडे. मी काय करावं मला कळेना. मग बघते तर त्यांचा डावा खांदा हलत होता. त्या हसत होत्या. मीही हसले, आणि मला रडूही आलं. अण्णा आत निघून गेले.

बोलणं परत यावं म्हणून एक थेरपिस्ट बाई घरी यायच्या. त्यांनी ओठांच्या आकारांचा एक छापील कागद दिला होता. तो बघून आरशासमोर तसे ओठ करायचे. गुळगुळीत गुलाबी ओठ, लिपस्टिक लावलेले. अण्णांनी मला तो दाखवला.

"हे कोणा मेमचं तोंड आहे. मंगला बघत पण नाही त्याच्याकडे," ते म्हणाले. "तुम्ही तिचे ओठ काढले होते ना? आहेत का अजून?"

होते. माझ्याकडे सगळं जपलेलं असतं. मी ते जुने कागद काढले, मोठे करून आणले आणि आम्ही ते आरशाच्या भोवती चिकटवले. मंगलाताईंचा 'आ', मंगलाताईंचा 'ओ', मंगलाताईंचा 'म'. मला वाटलं होतं, ओळखीचं तोंड बघून त्यांना बरं वाटेल. त्यांनी एकेक कागद बघितला. मग डाव्या हातानं 'म'चा कागद ओढला आणि चुरगाळून खाली टाकला. दुसराही ओढायला लागल्या. अण्णा म्हणाले, "अगं, त्या एवढं घेऊन आल्या..." पण मला तोवर कळलं होतं. त्यांचं जे गेलं होतं, ते आम्ही मोठं करून त्यांच्या डोळ्यांसमोर टांगलं होतं. मी सगळे कागद काढून पिशवीत भरले.

पुढच्या रविवारी मी पेन्सिल आणि कोरी वही घेऊन गेले. स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, "ताई, बोला. जसं येईल तसं. मी काढते."

त्यांनी रागानं बघितलं माझ्याकडे. शाळेतल्या मुली घाबरत असतील ती नजर ही, हे तेव्हा समजलं. मी पेन्सिल धरून बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी 'आ' केला. डावीकडून तोंड उघडलं, उजवीकडे ओठ तसाच खाली राहिला, कोपऱ्यातून थोडी लाळ आली. मी तसंच्या तसं काढलं. सुंदर केलं नाही, सरळ केलं नाही. कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो आरशाजवळ धरला. एकदा आरशात बघायच्या, एकदा कागदावर. मग उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून मान हलवली. ओठ मी काढला होता त्याहून जास्त खाली होता. आमच्या बाईंना पेपर तपासायची सवय. मी खोडून पुन्हा काढला. तेव्हा त्यांनी मान होकारार्थी हलवली, आणि तो कागद आरशावर लावायला खुणेनं सांगितला.

त्यानंतर दर रविवारी मी जायची. माझा धंदा म्हणजे चेहरा बदलू न देण्याचा. कोणीही काढो, कधीही काढो, बुआ तीच दिसली पाहिजे. आणि इथे मी असा तक्ता काढत होते की तो पुढच्या रविवारी चुकीचा ठरावा म्हणून आम्ही तिघं देव पाण्यात घालून बसलो होतो. कधी तो महिनाभर चुकीचा ठरायचा नाही. कधी उजवा कोपरा जरासा वर यायचा, इतका की माझ्याशिवाय कोणाला दिसला नसता. मी नवा कागद काढून जुन्याच्या शेजारी लावला की त्या दोन्ही बघत बसायच्या. रंगपंचमीच्या सुमाराला ओठ 'प'ला मिटायला लागले. एका रविवारी त्या म्हणाल्या, "पा... णी." अण्णा धावत आत गेले. तांब्या घेऊन आले आणि पाणी न देता तसेच दारात उभे राहून रडायला लागले. मंगलाताईंनी पुन्हा म्हटलं, "पाणी," जरा जरबेनं. तेव्हा त्यांनी दिलं.

इकडे स्टुडिओत बुआचे रेकॉर्ड केलेले संवाद संपत आले होते. काही दिवस तिवारीजींनी बुआला मौनव्रत धरायला लावलं, दोन भागांत तिचा घसा बसवला. पण पोहेवाली बुआ बोलली नाही तर बाजार चालणार कसा? चॅनेल विचारायला लागलं. शेवटी तिवारीजी स्वतः छत्रीबागेत आले. मी होते तेव्हा तिथे. ते खुर्चीवर न बसता मंगलाताईंच्या समोर सतरंजीवर बसले.

"ताई, आपसे पूछे बिना कुछ नहीं करूँगा," ते म्हणाले. "एक तो ये, कि नई आर्टिस्ट ले लूँ. दूसरा ये, कि आपकी पुरानी रिकॉर्डिंग से मशीन आपकी आवाज़ बना दे. आजकल बन जाती है. हम लिखेंगे, वो आपकी आवाज़ में बोलेगी. और आपने मना किया तो दोनों नहीं. बुआ को सांवेर भेज देंगे, उसकी बहन के यहाँ. कहानी ख़तम."

अण्णा भडकले. "बाई इथे बसलेली, आणि तिचा आवाज तिकडे बोलणार? ये क्या बात हुई, तिवारीजी?"

मंगलाताईंनी डावा हात वर केला.

"बो... लू... दे," त्या म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, त्यांना काही बोलायचं आहे. अण्णा म्हणाले, "हां, बोल, बोल." आम्ही तिघं वाट बघत राहिलो. त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. फक्त टीव्हीच्या वरच्या चित्राकडे बोट केलं. तेव्हा कळलं, त्या बुआबद्दल सांगत होत्या. तिला बोलू दे.

तिवारीजींनी त्यांच्या पायांना हात लावला आणि मशीनच्या तयारीला लागले.

मशीनचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो मी स्टुडिओत, कानांना हेडफोन लावून. त्यांचाच आवाज. नाकातली ती हलकी खरखरसुद्धा. त्या कधीच न बोललेली वाक्यं त्या बोलत होत्या, झरझर, कुठेही न अडखळता. माझं काम त्या आवाजातल्या कोणत्या अक्षराला तक्त्यातले कोणते ओठ, ते चित्रं काढणाऱ्यांना लिहून देण्याचं. सोमवार ते शनिवार मी उंटिणीला मंगलाताईंचे जुने ओठ लावायची, उजवीकडून हसणारे. रविवारी जाऊन त्यांचे आत्ताचे ओठ काढायची. घरी आल्यावर माझा नवरा विचारायचा, इतकी का थकतेस, बसूनच तर काम असतं.

तो भाग लागला तेव्हा मी मुद्दाम छत्रीबागेत गेले. आम्ही तिघं टीव्हीसमोर. बुआ आली, गिऱ्हाइकांना रागावली, एका उंदराला पोह्यांवर शेव जास्त घेतली म्हणून ओरडली. अण्णा टीव्हीकडे बघतच नव्हते. ते मंगलाताईंकडे बघत होते. त्या मात्र शेवटपर्यंत एकटक बघत होत्या. संपल्यावर अण्णांनी भीत भीत विचारलं, "कसं वाटलं?"

त्यांनी जुळवाजुळव केली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"ती... श्वास... घेत... नाही."

मग मला ते ऐकू आलं, म्हणजे ते नसणं ऐकू आलं. एवढी मोठी रागाची वाक्यं, आणि मध्ये कुठे दमच घेतलेला नाही.

मी दुसऱ्या दिवशी तिवारीजींना सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. "पहले रिकॉर्डिंग से साँस काटने में टाइम जाता था हमारा," ते म्हणाले. मग आमच्या साउंडवाल्यानं जुन्या टेकमधले, कापून बाजूला पडलेले त्यांचे श्वास शोधून काढले आणि वाक्यांच्या मध्ये बसवले. पुढचा भाग ऐकून मंगलाताईंनी मान हलवली. "हां," म्हणाल्या. "आता... ठीक." आणि खुर्चीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

उन्हाळ्यात त्यांना दुसरा झटका आला. पहाटे, झोपेतच. 'ओ' अजून पुरता गोल झाला नव्हता. शेवटच्या कागदावर त्याची उजवी बाजू चपटी होती.

मी गेले तेव्हा त्यांना खाली निजवलं होतं. जवळ बसले आणि सवयीनं माझी नजर ओठांवर गेली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. इतके रविवार आम्ही ज्याच्यासाठी घालवले ते झालं होतं. मी त्यांच्या पायांना हात लावून उठले आणि मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आरशाभोवती ते सगळे कागद तसेच होते. कोणी पाहुणी बाई मला विचारत होती, ही कसली चित्रं हो? मी म्हटलं, त्यांचीच.

दिवसकार्य झालं त्या दिवशी दुपारी आम्ही पाच-सहा जणं अण्णांजवळ बसलो होतो. जेवणं उरकली होती. उन्हामुळे खिडक्या लोटलेल्या, एक तेवढी उघडी. त्या खिडकीतून एकदम आवाज आला, "ए मुन्ना! इधर आ!"

शेजारच्या घरात टीव्ही लागला होता.

सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. बुआ कोणाला तरी झापत होती, मग हसली, मग गाडीवर बोलावून बसवलं. अण्णांची पुतणी, प्राची, उठली. तिचे डोळे भरले होते. "थांबा काका, मी सांगून येते त्यांना," ती म्हणाली. "ज़रा तो समझना चाहिए न लोकांना."

"थांब," अण्णा म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "सुनंदाताई, ही ती आहे की मशीन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कान देऊन ऐकलं. जुने भागही दाखवत असत, नवेही. चित्र समोर असतं तर मी सांगू शकले असते, कारण प्रत्येक भागातले ओठ माझ्या हाताखालून गेले होते. पण भिंतीपलीकडून नुसता आवाज येत होता. बुआनं दम घेतला आणि पुन्हा बोलायला लागली. मला ओळखता येईना.

"अण्णा, मला नाही सांगता येत," मी म्हटलं.

"मला पण नाही," ते म्हणाले. "एवढी वर्षं ऐकली, आणि मला पण नाही."

ते थोडा वेळ तसेच ऐकत बसले, मान खाली घालून. प्राची दारात उभी होती, जावं की न जावं तिला समजत नव्हतं. अण्णांनी तिच्याकडे बघितलं.

"जा बेटा," ते म्हणाले. "बंद करा म्हणू नकोस पण. म्हणावं, आवाज जरा मोठा करा."